जेम्सची बाजू

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी गावाची मॅच ठरलेलीच असायची, लग्नवाले विरुद्ध बिनलग्नाचे. सव्वीस वर्षांचा जेम्स फणसाच्या फळीची बॅट घेऊन कापलेल्या शेतात उतरला. त्याची बायको क्लेमेंटीन बाळंतपणात गेली होती, तिच्या वर्षश्राद्धाची चर्चमधली मिस्सा गेल्याच महिन्यात झाली होती.

"मी कुणाकडून खेळू?" जेम्सनं विचारलं.

दोन्ही कॅप्टन एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी लग्नवाल्यांचा इग्नेशियस पुटपुटला, "तू यंदा अंपायर हो."

इतकी वर्षं अंपायर असायचे ते म्हातारे पासकूबाबा. ते पुढे आले आणि आपली गवती टोपी काढून त्यांनी जेम्सच्या डोक्यावर ठेवली.

"मलापण असंच अंपायर केलं होतं, पोरा."