पेरभर मलम

"दुपारपर्यंत नवी कातडी बसेल, बाळ. इसब गेलं, खाजही गेली," डॉक्टर म्हणाले.

केतकीने लालभडक कोपरं पोटाशी धरली. वर्गातल्या साऱ्यांनी कातडी बदलली होती. सारे केळीच्या गाभ्यासारखे तुकतुकीत, पण गुदगुल्या केल्या तरी एकालाही हसू फुटत नव्हतं.

"मला माझीच हवी."

"मग स्टेरॉइडचं मलम चोळत बस जन्मभर."

"जन्मभर कशाला? लाल झालं की पेरभर, निवलं की बंद. तुम्हीच शिकवलंत की आईला."

शेजारी बसलेल्या आईने पिशवीतून ट्यूब काढली, बोटाच्या पेरावर मलम घेतलं आणि तिथेच, डॉक्टरांसमोर, कोपराच्या खळीत हळुवार टेकवलं. केतकी खुदकन हसली. तपासणीसाठी बाकावर बसलेली तुकतुकीत मुलं वळून बघू लागली, तशी ती आणखी मोठ्याने हसली.