दोन चांगले दात

"हे दोन्ही काढून टाका," असं म्हणून मास्तरांनी आ वासला.

डॉक्टरीणबाईंनी दिवा खाली ओढला. मास्तर म्हणजे गल्लीच्या टोकाचे म्हातारे शिंपी. तोंडात खालचे दोन सुळे तेवढे उरले होते, बाकी मैदान मोकळं. बाईंनी ते ठोकून पाहिले, हलवून पाहिले. दोन्ही ठणठणीत होते.

"चांगले आहेत की. दुखतात का?"

"दुखत नाहीत हेच तर दुखणं आहे," शेजारी उभी असलेली मास्तरांची बायको म्हणाली. "एकही दात नसेल त्यालाच कवळी फुकट, असा नवा कायदा झालाय म्हणे. विकत घ्यायची आमची ऐपत नाही. दुधात पाव कुस्करून घालतेय मी यांना. अंगावरचे सगळे कपडे ढगळ झालेत, आणि हे स्वतः शिंपी."

कायदा डॉक्टरीणबाईंना चांगलाच ठाऊक होता. तो व्हावा म्हणून समितीपुढे त्या स्वतः घसा कोरडा करून आल्या होत्या. दात नसलेल्यांना कवळी द्या, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्यात 'एकही' कोणी घुसडलं, ते त्या समितीलाच माहीत.

त्यांनी हातमोजे काढले आणि आरोग्य खात्यात फोन लावला.

"दोन दात आहेत ना मॅडम? मग नाही मिळणार," पलीकडचा अधिकारी म्हणाला.

"अहो, वर एकही दात नाही. खालच्या दोनांनी माणूस चावणार काय, कपाळ?"

"अर्धी कवळी मसुद्यात होती. निधी पुरेना, म्हणून शेवटच्या दिवशी वगळली."

"म्हणजे मी धडधाकट दात उपटू?"

"तसं मी म्हटलेलं नाही," तो घाईघाईने म्हणाला. मग आवाज उतरवून, "पण दात काढणं पहिल्यापासून मोफतच आहे."

बाईंनी फोन आपटला नाही. आपटावासा मात्र फार वाटला.

"मास्तर, चांगला दात मी काढत नाही. घरी जा. मी पुन्हा लिहिते त्यांना."

"लिहा की. पण जुना भाडेकरू उठल्याशिवाय नव्याला खोली मिळत नाही, बाई. तुम्ही काढा."

"नाही."

बायको म्हणाली, "यांची हिरडी बघा जरा."

उजव्या सुळ्याच्या बुडाशी, आत जिभेच्या बाजूला, लाल चीर पडली होती.

"हे काय केलंत?"

"काल सुळ्याला दुहेरी दोरा बांधला आणि दाराला अडकवून ओढलं. दाराची कडी उपसून आली, दात जागचा हलला नाही. आज सकाळपासून पकड शोधतायत."

चोरी पकडली गेल्यासारखी मास्तरांनी मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी नवे हातमोजे चढवले. मग त्यांनी इंजेक्शन भरलं.

किडलेला दात हात लावताच येतो. हे येईनात. हाडात पाय रोवून बसले होते. बाईंचं मनगट भरून आलं, कपाळावर घाम डवरला. मनातल्या मनात त्या अख्ख्या सभागृहाला शिव्या घालत होत्या, सत्ताधारी आणि विरोधक असा काही भेद न करता. मास्तरांनी खुर्चीचे हात गच्च धरले होते.

शेवटी दोन्ही सुळे ट्रेमध्ये पडले. लांब मुळांचे, स्वच्छ. बायकोने वाकून पाहिलं.

"कीड तर कुठेच नाही हो," ती म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

मास्तर कापसाचा बोळा सांभाळत उठून बसले. ओठ बधिर, शब्द फसफसत होते, पण कळत होते.

"आता बसतो ना मी कायद्यात?"

डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या उभ्या राहून हात धूत होत्या.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "तोंड घट्ट मिटून ठेवा."