गिरिपुष्पाचा आडोसा

भर दुपारी कुणी नाही असं पाहून भूपेंद्र कुंपणाशी वाकला. प्रत्येक बुंध्याशी त्याने मूठ मूठ मीठ टाकलं आणि वर पाणी ओतलं.

कुंपणापलीकडे त्याचा थोरला भाऊ हिलाल राहत होता. पूर्वी दोघांचं अंगण एकच होतं. जावाजावांचं बिनसलं आणि हिलालची बायको प्रमिलाबाई म्हणाली, "त्यासनं तोंड बी दिसाले नको."

मग ज्येष्ठात हिलालने नंदुरबारहून गिरिपुष्पाच्या पुरुषभर काठ्या आणून मधोमध रोवल्या. पाऊस लागेपर्यंत त्याने त्यांना बादलीने पाणी घातलं. दिवाळीपर्यंत पाला असा दाटला की सकाळी ओट्यावर चहा पिताना समोर दिसणारा भाऊ दिसेनासा झाला. नुसता खोकला ऐकू येई. भूपेंद्रला तेवढ्याने चहा गोड लागत नव्हता.

त्याची हयात सुरतेच्या मिलमध्ये गेली होती. झाडांतलं त्याला कळत नसे. मिठाने झाड मरतं, एवढं मात्र ऐकून होता.

पौषात पानं पिवळी पडली. संक्रांतीनंतर काठ्या उघड्या झाल्या आणि भाऊ दिसला. एका हाताने गुडघा धरून तो वाळला पाला झाडत होता.

भूपेंद्रला राहवलं नाही. रस्त्याने वळसा घालून तो भावाच्या अंगणात शिरला.

"दादा, तुन्हं कुंपण मी मारी टाकं. मुयासमा मीठ टाकं."

हिलालचा खराटा थांबला. "कितलं?"

"पिशवीभर."

"सुरतले जाईसन बी तू येडाच ऱ्हायना, भूप्या." हिलालने नखाने एका काठीची साल खरवडली. आत हिरवंगार होतं. "पानगळ शे ही. दरसाल हिवाळामा असंच उघडं पडस. पुढे परत पाला येस."

"कोन शे हो?" आतून प्रमिलाबाईने विचारलं.

"कोनी नही!"

भूपेंद्र तरी हलला नाही. "मंग आडोसाले असं झाड काब्र लायं? बारमाही हिरवं भेटनं नही का?"

"भेटी ऱ्हायंतं ना. नर्सरीवाला करमसिंग तेच लई जा म्हने." हिलालने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुन्ही वहिनी तर भिंत बांधा म्हने. भिंतले कोठे पानगळ ऱ्हास?"