दाराबाहेरचा जोड

"चव्वेचाळीस डिग्रीत लोकरीची शाल. चौथी," रईसा पुटपुटली. अलफियानं आईला कोपरानं हळूच ढोसलं. समोर साहेब अमीनबद्दल बोलत होते.

अमीन बंबावर फायरमन होता. सोनगीरच्या अलीकडे कापसाच्या एका जिनिंगला आग लागली, तो आत गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून दर एप्रिलला बंबांच्या आवारात त्याच्या फोटोला हार आणि त्याच्या बायकोला शाल-नारळ. भाषणही तेच. 'एका कामगाराला वाचवताना त्यांनी प्राण दिले.' कामगाराचं नाव भाषणात कधी येत नसे. आधीच्या तीन शाली देवपूरच्या घरात ट्रंकेच्या तळाशी पडून होत्या.

कापसाच्या ढिगावर चपला घालून चढायचं नाही, माती लागते. म्हणून जिनिंगमध्ये चपला दाराबाहेर काढतात. त्या दिवशी पळताना ज्यानं त्यानं आपला जोड उचलला. तिथला कामगार सुपडू मागच्या दारानं निघाला तो थेट घरी गेला. त्याचा जोड पुढच्या दाराशी तसाच राहिला. अमीननं तो पाहिला. "आत माणूस आहे," एवढंच बंबावरच्या जोडीदाराला, जितेंद्रला म्हणाला आणि धुरात शिरला.

हे जितेंद्रला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, सुपडूला तर होतंच. रईसाला सांगायचं नाही, असं कोणी ठरवलं नव्हतं. माणूस गेलाच आहे, निदान कुणासाठी तरी गेला असू दे, असं प्रत्येकाला आपापलं वाटलं होतं.

सुपडू दरवर्षी यायचा. मागे लिंबाखाली उभा राहायचा, अनवाणी. कोणी विचारलं तर नवस आहे म्हणायचा. फरशी तापली की एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवायचा.

भाषण संपलं. लोक सरबताकडे वळले. रईसा उठली, शाल खुर्चीवरच राहिली. सकाळपासून मांडीवर धरलेली पिशवी घेऊन ती दमल्या पावलांनी लिंबाकडे गेली. पिशवीतून तिनं नव्या चपलांचा जोड काढला. सरबताचा पेला घेऊन तिच्या मागे आलेला जितेंद्र जागीच थांबला.

सुपडू मागे सरकला. "राहू द्या भाभी. माले सवय शे."

गुडघ्यावर हात टेकून रईसा वाकली. जोड त्याच्या पायांपुढे सरळ मांडला आणि तशीच, वर न बघता, बोलली.

"वाचलेला माणूस चार वर्षांत एकदा तरी माझ्या दारात आला असता. इथे आले ते तुम्ही, दरवर्षी, असे पोळलेल्या पायांनी. जिनिंगमध्ये चपला दाराबाहेर काढतात, हे मलाही माहीत आहे. आत कोणी नव्हतं, सुपडूभाऊ. घाला आता."