फुकट्यांची यादी

"पासवर्ड बरोबर आहे, बाबा. सात वेळा टाकला."

"मग मशिन चालवणारं तुझं ते लिनक्सच बिघडलं असणार." बाबांनी चहाचा कप लॅपटॉपशेजारी ठेवला.

"लिनक्सला नावं ठेवायची नाहीत."

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अकराला मुलाखत. दूरच्या शहरातली कंपनी, नेटवर्क सांभाळायचं काम, आणि अट अशी की उमेदवारानं स्वतःच्याच मशिनवर काम करून दाखवायचं. पहिल्या तीन फेऱ्या तिनं झपाट्यानं पार केल्या होत्या. आज नेमकं वाय-फाय रुसलं होतं.

"नसेल नशिबात," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "इथं काय कमी आहे तुला?"

आईचा या नोकरीला उघड विरोध होता. आठवडाभर घरात भांडी जरा जास्तच आपटत होती.

बाबांचं तसं नव्हतं. अर्ज त्यांनी दोनदा वाचून दिला, आजच्या शर्टाला इस्त्रीही त्यांनीच केली. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद लागला होता. शेजारपाजारचे लोक चोरून वाय-फाय वापरतात, त्यांना हुडकून बंद करायचं. राउटरच्या बंदीच्या यादीत कसं टाकायचं हे तिनंच त्यांना शिकवलं होतं. प्रत्येक फुकट्याला ते हौसेनं नाव देत. 'गच्चीवरचा गवई'. 'तिसरा मजला, महाचिकट'.

"केबल कुठाय? थेट जोडते."

"परवा भंगारात दिली गं. कोण वापरतं आता?"

तिचं डोकं तापलं, पण माघार घेणं तिला जमणारं नव्हतं. लॅपटॉपमधलं वाय-फायचं कार्ड दिसत होतं. ते चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, जागेवर होता. घरचं नेटवर्कही ठळक दिसत होतं, फक्त जोडायला गेलं की नकार. तिनं सिस्टिमच्या नोंदी उघडल्या. ओळीमागून ओळ, तोच नकार.

"राहू दे, बबडे," बाबा हळूच म्हणाले. "पुन्हा येईल संधी."

"पुन्हाबिन्हा काही नाही. आज म्हणजे आज! आई, तुझा फोन दे, हॉटस्पॉट लावून."

"घे बाई." आईनं ओला हात पदराला पुसून फोन पुढे केला.

घरात मोबाईलची रेंज जेमतेम होती, तिच्यावर मुलाखत निभावली नसती. पण लॅपटॉप एका फटक्यात जोडला गेला. म्हणजे लॅपटॉप धडधाकट होता, लिनक्सही. राउटरच दार उघडत नव्हता.

प्रत्येक वायरलेस कार्डाला स्वतःचा एक पत्ता असतो आणि राउटर त्यावरून मशिन ओळखतो. तिनं एका आज्ञेत तो पत्ता बदलून टाकला. वाय-फाय लागलं. दहा पन्नास.

उरलेल्या वेळात तिनं राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं, काहीतरी वाचलं आणि बंद केलं. चहा गार झाला होता.

"लागलं?" बाबा दारात उभे होते.

"लागलं. बसा ना इथंच. ऐका."

बाबा खुर्चीच्या कडेला टेकले. अकराला मुलाखत सुरू झाली.

"अलीकडे सोडवलेली एखादी अडचण सांगा," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या.

"आजचीच सांगते." ती ताठ बसली. "राउटर माझ्या मशिनला आत घेत नव्हता. कार्डाचा पत्ता बदलून घुसले."

"आणि कारण सापडलं?"

"सापडलं. बंदी घातलेल्यांच्या यादीत एक नवीन नाव होतं. बंदीची मुदत आज दुपारी बारापर्यंत." तिनं मान वळवून बाबांच्या डोळ्यांत पाहिलं. "नाव होतं, 'माझी बबडी'."