फरशीवाल्याचा गुडघा

पायाखालची जागा सोडून शेवटची फरशी रबरी हातोडीने ठोकून झाली आणि फरशीवाल्याच्या ध्यानात आलं, की आपण कोपऱ्यात अडकलो आहोत. समोर खोलीभर नुकतीच लावलेली, पाय पडला तर खचेल अशी ओली फरशी, तिच्यापलीकडे दार, आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी असलेली बायको.

"बसा आता तिथेच," ती म्हणाली.

बसण्याचा प्रश्नच नव्हता. तो सकाळपासून बसलेलाच होता.

फरशी लांबच्या कोपऱ्यातून लावत यायची आणि दाराशी संपवायची, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. पण तसं करायचं तर फरशा आणायला, सिमेंट-वाळूचा माल आणायला सारखं उठावं लागतं. आणि तिशी ओलांडल्यापासून उठताना त्याच्या उजव्या गुडघ्यातून अशी कळ जायची, की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. म्हणून आज त्याने बायकोकडून सगळ्या फरशा आणि मालाची घमेली कोपऱ्यात रचून घेतली. मग दाराशी सुरुवात केली आणि उकिडवा बसूनच त्या ढिगाकडे मागे मागे सरकत गेला. सगळं हाताशी, एकदाही उठायला नको! दुपारभर तो स्वतःच्या डोक्यावर खूश होता.

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?" बायको सुरू झाली. "मांडीचे व्यायाम करा, पोट उतरवा, तासन् तास उकिडवं बसू नका. एक दिवस तरी केलंत?"

"दिवसभर उठबशाच काढतो मी. मला कसला व्यायाम शिकवतेस?"

"मग काढा ना त्यातली एक आत्ता."

 राग कोणावर काढावा, हेच त्याला कळेना. पंचविशीत सिमेंटचं पोतं पाठीवर टाकून तो जिने चढायचा, तेव्हा आपल्याला गुडघे आहेत याची आठवणसुद्धा व्हायची नाही. आता पस्तिशीत ते म्हाताऱ्यासारखे कुरकुरत होते. हा काय न्याय झाला?

"मधली एक ओळ उचला आणि या बाहेर," ती म्हणाली.

"अख्ख्या दिवसाचं काम उकरू? काका येतील एवढ्यात. वरच्या मजल्याचं काम कोणाला द्यायचं ते आज ठरवणार आहेत. त्यांच्यासमोर गुडघ्याचं नाव काढलंस तर बघ."

काका म्हणजे ठेकेदार. थापी कशी धरायची, हेसुद्धा त्यांनीच त्याला शिकवलेलं. ते आले, दारात थांबले आणि त्यांनी फरशीवर नजर फिरवली. फटी एका रेषेत, पातळी चोख. मान डोलवता डोलवता त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

"हे काय रे? दाराकडून सुरुवात केलीस?"

"चुकून झालं, काका. लक्ष नव्हतं." मूर्ख ठरलो तरी चालेल, लंगडा ठरायला नको, असा त्याचा विचार.

"या वयात प्रेमात पडलास की काय?" ठेकेदार हसले.

बायकोला हसू आलं नाही.

"चुकून नाही, काका. त्यांना उठता येत नाही. सकाळी भिंत धरून उभे राहतात. मी काही बोलले की अंगावर धावून येतात." ती ठेकेदारांकडे वळली. "वरचं काम दुसऱ्याला द्या. हा माणूस चाळिशीत आडवा झाला तर मी काय करू?"

फरशीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली हातोडी भिरकावून द्यावी असं त्याला वाटलं. फरशी फुटेल म्हणून भिरकावली नाही.

"उठ," ठेकेदार म्हणाले.

दोन्ही तळवे भिंतीला लावून तो उठू लागला. अर्ध्यावर गुडघा कटकन वाजला. खोली रिकामी होती, आवाज दारापर्यंत गेला. कसाबसा तो उभा राहिला, पण भिंतीकडे तोंड करूनच.

"वळ इकडे. मधली ओळ उचल आणि बाहेर ये."

तो वळला. घामाने त्याचा चेहरा निथळत होता. "आणि वरचा मजला, काका?"

"आधी दारापर्यंत तर ये."

फरशीवाल्याने समोरच्या ओळीकडे पाहिलं. ती उचलायला पुन्हा खाली बसावं लागणार होतं.