कापड कुठलं?

सात वर्षांची लेक सेरवा हरवली, तेव्हा तिचा फोटो छातीशी धरून आफ्रिये मावशी घानातल्या आमच्या कुमासीच्या बाजारात मोबाईलसमोर रडली. व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला. पोरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. खाली सगळ्यांचं एकच, "डोक्याला बांधलेलं कापड कुठलं?"

कापडवाली आदोमा धावत आली. "मावशी, आता माझं नवं कापड बांध आणि दुकानाचं नाव घे. वीस लाख लोकांना दाखवते तुझी पोरगी!"

मावशीने कापड बांधलं, नाव घेतलं, फोटो धरला आणि पुन्हा रडली.

आठवड्याने दूरच्या ताकोराडी शहरातून कुणीतरी नव्या व्हिडिओखाली लिहिलं,

"ही पोरगी काल आमच्या स्टँडवर 'आईकडे न्या' म्हणून रडत होती. आम्ही लगेच ओळखलं, जाहिरातवाली! काय ॲक्टिंग करते राव!"